उधळीनं खाल्लेला शेवट

निवृत्त झाल्यापासून मी रोज दुपारी खून वाचते. जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, की कूलरमध्ये पाणी भरायचं, सुजलेल्या पायांखाली उशी घ्यायची आणि पुस्तक उघडायचं. खूनही साधासुधा चालत नाही मला. खोली बंद पाहिजे. दाराला आतून कडी, खिडकीला गज, आत माणूस मरून पडलेला आणि मारणारा कुठेच नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा आपणही तसे आतून कडी लावूनच बसलेलो असतो. मुलगी फोनवर हसते. "आई, तुझ्या वयाच्या बायका पोथ्या वाचतात," म्हणते. मी म्हणते, पोथीचा शेवट आधीच माहीत असतो गं.

खरं तर शेवटाचं मला आता फार काही वाटत नाही. तीसेक वर्षं शाळेत पोरांच्या थापा ऐकल्यावर कोण खोटं बोलतंय ते लवकर कळतं. मला आवडतात ती मधली पानं. सगळे दिवाणखान्यात बसलेले आहेत, चहा निवतो आहे, कोणीतरी काहीतरी लपवतंय आणि अजून कोणावरच आळ आलेला नाही. आळ यायच्या आधीचा तो थोडासा वेळ मला बरा वाटतो. पुढे वाचायचा कंटाळा येतो, मग मी पुस्तक छातीवर पालथं ठेवून पडून राहते. या कंटाळ्याला एक कारण आहे. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये एका लग्नाला वरोऱ्याला गेले होते. लग्नातल्या बँडनं डोकं उठलं म्हणून बाजाराकडे चालत निघाले. कापसाचा हंगाम सरला होता, तरी रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकून होता. बाजाराच्या टोकाला एका चाचांचं रद्दीचं दुकान आहे. मी होस्टेलला होते तेव्हाही तिथे रद्दीच होती; तेव्हा या चाचांचे वडील बसायचे. तोच वास: जुनी वर्तमानपत्रं, खळ, सुतळी आणि कुठेतरी व्यालेली मांजर. जासुसी पुस्तकं आहेत का विचारलं तर चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वो कोने में है बाई. कोई ले जाता नहीं आजकल. शेवट पाहून घ्या मात्र. कई में आखरी पन्ने नहीं रहते."

कोपऱ्यात वाकून बसले. गुडघे बोलले, त्यांना बोलू दिलं. आणि गठ्ठ्यात तिसरंच पुस्तक ते निघालं. कव्हरवर लाल रंगाचं दार आणि दाराच्या कडीवर एक हात. नाव फाटलेलं होतं, पण मला नावाची गरज नव्हती. त्या चित्रातली कडी चुकीच्या बाजूला आहे, बिजागऱ्यांच्या बाजूला. हे मला लहानपणी दसरूभाऊनं दाखवलं होतं. "हे दार उघडणारच नाई," तो म्हणाला होता. "चितर काढणाऱ्यानं कदी दार लावलं नसन."

मी पुस्तक उलटं करून पाहिलं. शेवटची पानं होती. सगळी होती. दुकानात उभ्या उभ्या ती वाचायची मात्र हिंमत झाली नाही.

माझे बाबा मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या एका रेस्ट हाऊसवर खानसामा होते. दोन खोल्या, पुढे लांब ओटा, मागे स्वयंपाकघर, आणि चहूकडे साग, ऐन, मोह. पाहुणे यायचे तेव्हा घराला भाजलेल्या कोंबडीचा वास यायचा आणि नसायचे तेव्हा ओल्या चुन्याचा. पाहुणे जाताना काय काय विसरून जायचे: अर्धा साबण, एक मोजा, टाल्कम पावडरचा डबा, आणि पुस्तकं. बाबा वाचत नसत, पण छापलेला कागद टाकून द्यायचा म्हटलं की त्यांचा हात थांबायचा. म्हणून सामानाच्या खोलीत, रॉकेलच्या डब्याशेजारी, एका फळीवर खुनांची रास लागली होती. बहुतेक पुस्तकं बंद खोलीतल्या खुनांची. जंगलात येऊन बंद खोलीत काय होतं ते वाचत बसणारी ही माणसं कोण होती, याचं मला अजूनही कोडं आहे.

दसरूभाऊ तिथला चौकीदार. शेजारच्या गोंडांच्या गावातला, उंच, हडकुळा, बोलताना दुसरीकडे पाहणारा. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, त्यामुळे तो कुठे आहे ते न बघता कळायचं. आठवड्यातून एकदा तो प्रत्येक कुलपात मोहाच्या बियांचं तेल सोडायचा आणि किल्ली फिरवून कान लावून ऐकायचा. त्या गावात एकाही घराला कुलूप नव्हतं. दार म्हणजे बांबूची ताटी. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून दोरीनं बांधलेली. कुलूप-किल्लीचा मान गावात एकट्या दसरूभाऊचा होता आणि तो मान त्याला फार आवडायचा. कुलूप लावून झालं की ते दोनदा ओढून पाहायचा, आणि मग कोणी आपल्याकडे पाहत होतं का तेही पाहायचा.

मे महिना लागला की तेंदूपत्त्याचा हंगाम. गाव पहाटेच पानं तोडायला जायचं, उन्हं तापायच्या आत भारे घेऊन परत, आणि मग दुपारभर पुडे बांधायचे. आमच्या आवाराच्या कडेला एक मोठा मोह होता, त्याच्या सावलीत बायका बसायच्या. सत्तर पानांचा एक पुडा. पानाला पान लागायचं, सालीच्या दोरीचा एक वेढा, एक गाठ, की पुडा बाजूला. बोलणं चालू असताना बोटं मोजत राहायची, आणि कधी चुकायची नाहीत. हिरव्या तोडलेल्या पानांचा तुरट वास, घामाचा वास, मडक्यातल्या पाण्याचा वास. संध्याकाळी पुडे फडावर जायचे, म्हणजे जिथे मुनशी ते मोजून घ्यायचा तिथे.

हात गुंतलेले, कान रिकामे. सहावीतल्या मला कोणीतरी म्हटलं, "पोरी, तुह्या पुस्तकात काय हाये ते वाच ना." बहुतेक सोमीबाईच. ती दसरूभाऊची बायको. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची तिची एक रीत होती: मान खाली, ओठ मिटलेले, आणि अधूनमधून असा प्रश्न की माझी दातखीळ बसावी.

पहिल्याच दिवशी गाडी कडीशी अडली. पुस्तकात लिहिलेलं: दाराला आतून कडी होती. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"आतून काऊन लावते कडी?" एकीनं विचारलं. "एवढ्या गरमीत?"

"त्याच्याजवळ धन आहे ना," मी म्हटलं.

"मंग जेवला होता का थो?" सोमीबाईनं विचारलं. "अन् मेला तं रडलं कोन?"

पुस्तकात कोणीच रडलं नव्हतं. सावकारासारखा एक म्हातारा वरच्या खोलीत सुऱ्यानं मरून पडला, घरात दहा माणसं, आणि सगळी आपापली सफाई देत बसली होती. सोमीबाईला ते घर काही आवडलं नाही. आणि बंद खोलीत शिरणं अशक्य का, हे तिथे कोणालाच पटेना. ताटीची दोरी सोडली की माणूस आत. मी रडकुंडीला आले, तेव्हा दसरूभाऊ उठून गेला आणि रेस्ट हाऊसचं मोठं पितळी कुलूप, एक कडी आणि जुनी चौकट घेऊन आला. मोहाच्या बुंध्याला चौकट टेकवून त्यानं बायकांना कडी आतून कशी लागते, बाहेरून का निघत नाही, गज किती इंचांवर असतात, सगळं करून दाखवलं. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वाचायची आणि दसरूभाऊ दाखवायचा. पुस्तकात दार आलं की मी थांबायची, तो उठायचा. त्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा मला पुन्हा मिळाला नाही.

ते लाल दाराचं पुस्तक आम्ही आठवडाभर वाचलं. मध्येच सोमीबाई म्हणाली, "दार तोडल्यावर जो पयला आत घुसला ना, त्याले विचारा. सगळे भ्याले अन् थोच कसा नाई भ्याला?" मी म्हटलं, छे, इतकं सोपं नसतं पुस्तकात. शहाणी होते मी.

शेवटच्या दिवशी शेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, बायकाही ऐकायला आल्या होत्या. पुस्तकातल्या शोधकानं सगळ्यांना एका खोलीत बसवलं, घसा खाकरला, मी पान उलटलं, आणि पुढे काही नव्हतं. उधळीनं, म्हणजे वाळवीनं, शेवटची पानं खाल्ली होती. पाठकव्हराला चिकटलेली लाल माती आणि कागदाचा भुगा. मी मान वर केली. पहिल्यांदाच सगळ्यांचे हात थांबले होते. तेंदूच्या हंगामात हात थांबणं म्हणजे काय ते त्या भागातल्या माणसालाच कळेल.

पुस्तक अपुरं आहे, एवढं सांगायचं होतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि ते मला सोडवेना. मी डोळे पुस्तकावर ठेवले आणि मनानं सांगायला लागले. कोणी मारलं? खोली बंद होती, म्हणजे ज्याच्याकडे किल्ली तो. पुस्तकात एक रखवालदार होता, गरीब, कमी बोलणारा. समोर दसरूभाऊ बसला होता, कमरेला जुडगा, मांडीवर पितळी कुलूप, पुढचं दार दाखवायला तयार. माझा त्याच्यावर राग नव्हता. डोळ्यांपुढे जे दिसलं ते उचललं, बस. रखवालदारानंच मारलं, मी म्हटलं. चावी त्याचीच होती. सगळ्यांचा विश्वास होता त्याच्यावर, म्हणून कोणाला संशय आला नाही. रचून रचून पुष्कळ वेळ बोलले. बायकांनी सुस्कारे टाकले, एक-दोघींनी हसून दसरूभाऊकडे पाहिलं, आणि हात पुन्हा चालू झाले.

चार दिवसांनी एका पाहुण्याचं मनगटी घड्याळ खोलीतून गेलं. खोलीला कुलूप होतं, किल्ली दसरूभाऊकडे. घड्याळ कुठे गेलं ते कधीच कळलं नाही, आणि मला आता ते कळून घ्यायचंही नाही. पाहुणे ओरडून गाडीत बसून गेले. बाबांनी फक्त एकदा विचारलं, खाली बघून, "दसरू, तू तं नाई ना?" आणि मोहाखाली कोणीतरी, कदाचित थट्टेनंच, म्हटलं, "पुस्तकात बी चावीवालाच होता." त्या गावात लिहिलेल्या कागदाला फार वजन होतं. कागद यायचा तो जमिनीचा, जंगलाचा, कोर्टाचा, आणि कागदात होतं ते खरं ठरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दसरूभाऊनं सगळी कुलपं लावली, प्रत्येक दोनदा ओढून पाहिलं, आणि जुडगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. बाबा भाजी चिरत होते. मिरचीचा हंगाम आला तसा दसरूभाऊ तोडणीला सिरोंच्याच्या पलीकडे गेला, दर वर्षी जात राहिला, आणि आमच्या आवारात पुन्हा पाऊल टाकलं नाही. जुडगा बाबांच्या कमरेला आला, पण बाबा बुटके आणि जाड, तो आवाजच वेगळा होता. कुलपं गंजायला लागली. त्या जूनमध्ये मला वरोऱ्याच्या होस्टेलवर पाठवलं आणि माझी वाचनं संपली.

तो शेवट मी रचला होता, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. बाबांनाही नाही. पुढे शिक्षिका झाले, पोरांना खरं बोलायला शिकवत राहिले, दसरूभाऊ खोकल्यानं गेल्याचं कोणाकडून तरी ऐकलं, तेव्हाही गेले नाही. एकाच गोष्टीचा आधार होता. दसरूभाऊला वाटलं असेल, पुस्तकच तसं म्हणतंय. कोण्या लांबच्या लेखकानं त्याला दुखवलं, खानसाम्याच्या पोरीनं नाही. एवढ्यावर मी इतकी वर्षं झोपले.

वरोऱ्याहून आल्यावर पुस्तक दोन महिने उशाशी होतं. शेवटी एका दुपारी वाचलं. दार तोडल्यावर जो सगळ्यात आधी आत धावला, त्यानंच म्हाताऱ्याला मारलेलं; तोवर म्हातारा औषधानं नुसता झोपलेला होता. सोमीबाईनं मोहाखाली बसून सांगितलं होतं तेच. आणि रखवालदार? सगळ्या घरात खरं बोलणारा तो एकटाच होता. शेवटून दुसऱ्या पानावर तो शोधक त्याला तसं सगळ्यांसमोर म्हणतो. त्या ओळीवर मी रडले. मग उठून पिशवी भरली.

चंद्रपूरहून आष्टी, आष्टीहून मुलचेरा. एस.टी.त गरम वारा आणि पत्र्याचा खडखडाट. बंगाली गावांमधली माशांच्या तळ्यांची चमक, मग पुन्हा साग, पानं गळून उभा. पुढे ऑटो. रेस्ट हाऊस आहे, पण दोन्ही खोल्यांचे पत्रे गेलेत आणि दाराला कुलूप मात्र आहे. मोह आहे. त्याच्या सावलीत मी थोडा वेळ उभी राहिले.

गावात आता घरकुलं झाली आहेत, लोखंडी दारांची. सोमीबाई अंगणात मांडवाखाली बसली होती, पाठीत वाकलेली, पुढ्यात तेंदूचा ढीग. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. बोटं मात्र चालू होती.

"जोहार, सोमीबाई," मी म्हटलं. "मी खानसाम्याची पोरगी."

बोटं थांबली नाहीत. "बस इथी," ती म्हणाली. "मोटी झाली असशीन आता. पानी घे. उनाची आली तू."

मी पाणी प्यायले. मग सगळं एका दमात सांगून टाकलं. उधळी लागलेली पानं. मनानं रचलेला शेवट. खुनी म्हणून रखवालदाराचं नाव पुस्तकात नव्हतं हे. "पुस्तकानं नाई म्हटलं ते, सोमीबाई," मी म्हटलं. "मी म्हटलं. दसरूभाऊले वाटलं असन पुस्तकात लिवलं हाये. तसं नोतं. हे सांगाले आली मी."

तिनं पुडा पुरा केला, गाठ मारली, बाजूला ठेवला.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तवाच मालूम होतं."

"कसं?"

"पान उलटायचा आवाज येते ना. आठ दिवस आयकला मी. तू इतकी बोलली थ्या दिवशी, अन् पान एकदा बी नाई उलटलं." ती जरा हसली. "मले वाचता नाई येत, पोरी. आयकू येते."

मला वाटलं, आता सगळं हलकं होईल. म्हटलं, "मग दसरूभाऊले सांगतलं नाई का तुमी?"

"सांगतलं ना. घड्याळ गेलं थ्याच राती सांगतलं. म्हटलं, पुस्तकात नाई तसं, पोरीनं मनानं जोडलं." तिनं पुढचं पान उचललं, मांडीवर पुसलं. "अन् म्हनूनच गेला थो. पुस्तकानं म्हटलं असतं तं त्याले काई वाटलं नसतं. पुस्तकाले काय मालूम दसरू कोन हाये. तुले तं मालूम होतं."

कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मी पिशवीतून पुस्तक काढून मांडीवर घेतलं. इतकी वर्षं जपून आणलेला तो आधार तिनं एका वाक्यात काढून घेतला, आणि रागानंही नाही. मला क्षमा मागायची होती. पण ज्याच्याकडे मागायची तो उरला नव्हता.

"घड्याळाचं त्याले काई वाटलं नाई," ती म्हणाली. "तुह्या बापाचं बी नाई. घरी आला की म्हने, पोरगी पुडचं वाचून राह्यली असन का नाई." मग पुडा मांडीवर घेऊन ती सरळ बसली, जेवढं बसता आलं तेवढं. "शेवट आनला ना? मंग वाच आता. मी हाये इथी."

मी चष्मा पुसला. पुस्तक उघडलं. त्या शोधकानं सगळ्यांना एका खोलीत बसवलं, घसा खाकरला, तिथपासून सुरुवात केली. सोमीबाईची मान खाली होती, ओठ मिटलेले, बोटं मोजत होती. रखवालदाराचं नाव येणारं पान अजून चार पानं पुढे होतं. पहिलं पान संपलं. मी ते सावकाश उलटलं, तिला आवाज जाईल असं.